पान चुरगाळल्यावर

लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकात १९०३च्या मे महिन्यात सर जॉर्ज बर्डवुड यांचं एक पत्र छापून आलं. विषय होता आपल्या अंगणातली तुळस. बर्डवुड जन्मानं बेळगावचे, व्यवसायानं डॉक्टर, आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्सशी, म्हणजे राणीच्या बागेशी, त्यांचा जवळचा संबंध. बाग उभी राहत असताना तिथल्या कामकऱ्यांना डासांनी बेजार केलं होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. मग हिंदू कारभाऱ्यांनी सुचवलं म्हणून बागेच्या सगळ्या हद्दीवर तुळस लावली; डास हटले आणि बागेत राहणाऱ्या माळ्यांचा तापही गेला. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७मध्ये सिकंदराबादला तो शोध लावला आणि १९०२मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. डास हा खरा वैरी आहे हे जगाला नुकतंच उमगत होतं, आणि बर्डवुड सांगत होते की त्याच्यावरचा उतारा मुंबईतल्या माणसांना आधीपासून ठाऊक आहे.

तुळशीनं डास खरंच पळतात का? मला या प्रश्नाचं उत्तर फार आवडतं, कारण ते शोधताना पान, मांजर, मोहरी आणि आपलं नाक या सगळ्यांची एकमेकांशी असलेली जुनी ओळख बाहेर येते.

तुळशीचं एक पान तोडून त्याची पाठ भिंगाखाली धरा. शिरांच्या मधल्या जागेत बारीक, चकचकीत ठिपके दिसतील. तो प्रत्येक ठिपका म्हणजे एक सूक्ष्म ग्रंथी. तिच्यावर पातळ पापुद्र्याचा घुमट असतो आणि घुमटाखाली तेलाचा कण. लवंगेला ज्याच्यामुळे वास येतो ते युजेनॉल याच तेलात असतं. तुळशीनं हे तेल आपल्या काढ्यासाठी केलेलं नाही. अळीनं पान कुरतडलं की घुमट फुटतो, तेल तिच्या तोंडात जातं आणि ती पुढचा घास घ्यायला कचरते. पान शाबूत असेपर्यंत तेल जागच्या जागी राहतं आणि हवेत जे सुटतं ते अगदी थोडं. म्हणून वृंदावनातली तुळस हात लावेपर्यंत जवळजवळ बिनवासाची वाटते, आणि पान चुरगाळलं की बोटांना तासभर वास राहतो.

थोडं का होईना, सुटतं मात्र. केनियात संशोधकांनी तुळशीच्याच गोतावळ्यातलं एक रोप आणि आपल्या घाटात माजलेली घाणेरी, अशा जिवंत झाडांच्या कुंड्या ठेवून डास किती कमी येतात ते मोजलं. साधारण एक तृतीयांश डास परत फिरले. बर्डवुड यांच्या पत्रात सत्याचा अंश होता. पण उरलेले दोन तृतीयांश डास तापाला पुरेसे असतात. नुसत्या कुंपणाच्या तुळशीनं अख्ख्या बागेचा ताप गेला असेल, हे मला पटत नाही.

पान चुरगाळायला हवं, हे एका प्राण्याला फार आधी कळलेलं आहे. जपानमध्ये मातातबी नावाची एक वेल वाढते. तिचं पान मिळालं की मांजर ते चाटतं, चावतं, त्याच्यावर गाल आणि डोकं घासतं आणि लोळण घेतं. ही नुसती मौज आहे असंच माणसं शतकानुशतकं समजत आली. २०२१मध्ये इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या पानातलं एक द्रव्य मांजरांच्या चेहऱ्यावर लावून त्यांना डासांच्या पिंजऱ्याजवळ नेलं. त्या चेहऱ्यांवर डास बरेच कमी बसले. पुढच्या वर्षी त्याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली: मांजर पान चावून फाडतं तेव्हा त्यातून बाहेर पडणारी वासाची द्रव्यं दहा पटींहून जास्त वाढतात. मांजराला रसायनशास्त्र कळत नाही, त्याला त्या वासानं फक्त सुख होतं. त्याच्या मेंदूत अफूच्या गुणाची स्वतःचीच द्रव्यं पाझरतात आणि त्या सुखापोटी ते अंगभर डासरोधक फासून घेतं. निसर्गानं औषधाला गोडी लावून ठेवली आहे.

पण डासाला त्या वासाचं वावडं का असावं? डास पानं खात नाही. नर आणि मादी दोघंही फुलांच्या मधावर जगतात, आणि फक्त मादीला अंडी घालण्यासाठी रक्तातली प्रथिनं लागतात. झाडाचा रोख अळीवर असतो. डासाचा त्यात काय संबंध?

इथे मोहरी येते. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकातून थेट टाळूपर्यंत झणका जातो आणि डोळ्यांत पाणी येतं. तो झणका म्हणजे चव नव्हे आणि वासही नव्हे. ती वेदना असते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीए१ नावाचं प्रथिनाचं एक दार असतं आणि मोहरीतलं तिखट द्रव्य ते उघडतं. दार उघडलं की मेंदूला एकच निरोप जातो: इजा होते आहे, दूर हो. हे दार डासाकडेही आहे, फळमाशीकडेही आहे. माणूस आणि माशी यांचा समान पूर्वज पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा, आणि झणक्याचं हे दार तेव्हापासून चालत आलेलं आहे. सिट्रोनेलाच्या गवतातलं सिट्रोनेलाल हे द्रव्य हिवतापाच्या डासाचं तेच दार उघडतं, असं २०१०मध्ये दिसलं. मातातबीची पाश्चात्त्य सोबतीण म्हणजे कॅटनिप. तिच्यातलं द्रव्यही डासाच्या याच दारावर काम करतं, हे २०२१मध्ये कळलं. गंमत अशी की कॅटनिपच्या द्रव्यानं माणसाचं दार उघडत नाही. आपल्याला पुदिन्यासारखा सौम्य वास येतो, आणि त्याच क्षणी डासाला आपल्या नाकात फेसलेली मोहरी गेल्यासारखं होत असावं. अळीसाठी रचलेला मारा डासाला लागतो, कारण दार बहुतेक कीटकांना वारशानं मिळालेलं आहे.

आता डासाच्या बाजूनं पाहू. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मादीला बऱ्याच लांबून कळतो. तिच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंना आखूड मिशांसारखे अवयव असतात, तिथे त्याची जाणीव होते. त्या वासाच्या दिशेनं ती वाऱ्याविरुद्ध नागमोडी उडत येते. जवळ आल्यावर त्वचेचा वास महत्त्वाचा ठरतो. ‘मलाच का चावतात?’ असं विचारणारी व्यक्ती प्रत्येक घरात असते आणि तिची तक्रार खरी असते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लोकांनी हातावर चढवलेले नायलॉनचे मोजे डासांपुढे ठेवून पाहिले. ज्यांच्या त्वचेवर कार्बॉक्सिलिक आम्लं जास्त, त्यांच्या मोज्यांकडे डास पुन्हा पुन्हा वळले, आणि ही आवड काही वर्षांनीही तशीच राहिली. २०२२मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०२४मध्ये आणखी एक नवल समोर आलं: डेंग्यूच्या डासाची, एडिस इजिप्तीची, मादी आपल्या अंगातून बाहेर पडणारी अवरक्त उष्णता सुमारे ७० सेंटिमीटरवरून ओळखते. तिच्या शृंगिकांच्या टोकाशी ती उष्णता टिपणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांचं काम चालतं ते पुन्हा त्याच टीआरपीए१च्या मदतीनं. एका दारानं ती झणक्यापासून पळते आणि त्याच दारानं आपल्याला शोधून काढते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

म्हणजे अंगाला जे लावायचं ते त्वचेवरच्या बोटभर हवेत तरंगत राहायला हवं. सगळी अडचण इथे आहे. द्रव्य उडायलाच हवं, नाहीतर डासाला ते कळणार कसं. पण भराभर उडून गेलं तर तासाभरात अंग पुन्हा उघडं पडतं. सिट्रोनेलाचं तेल असं चपळ आहे. अर्धा तास, फार तर दोन तास, मग पुन्हा लावा. गवती चहा त्याचाच भाऊबंद. खानदेशातलं रोशा गवतही याच कुळातलं. त्याचं तेल पूर्वी भट्ट्यांवर काढून मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं, कारण त्यातल्या जिरॅनिऑलचा वास गुलाबाच्या जवळचा. डासांना मात्र तो मानवत नाही. खोबरेल तेलात मिसळलं तर ही सगळी तेलं थोडी सावकाश उडतात, आणि बाटलीतलं शुद्ध तेल त्वचेवर सरळ लावलं तर आग होऊ शकते, म्हणून ते नेहमी पातळ करूनच लावावं.

लिंबाच्या वासाची नीलगिरी या सगळ्यांत वरचढ. तिच्या पानांपासून पीएमडी नावाचं द्रव्य मिळतं. ते जड असल्यामुळे सावकाश उडतं आणि चांगल्या प्रमाणात असेल तर पाच-सहा तास टिकतं. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था वनस्पतीतून आलेल्या या द्रव्याची शिफारस करते, पण तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नये असंही सांगते. मात्र सर्दीत रुमालावर टाकायला आपण जे नीलगिरीचं तेल आणतो ते दुसऱ्या जातीच्या झाडाचं असतं. त्याच्यात पीएमडी नसतं. नावात नीलगिरी आहे म्हणून ते लावून संध्याकाळी शेतावर जाणारा माणूस फसतो.

आणि कडुनिंब. १९९३मध्ये भारतातल्या हिवताप संशोधकांनी खोबरेल तेलात दोन टक्के निंबोळीचं तेल मिसळून ते लोकांच्या अंगाला लावलं आणि रात्रभर डास मोजले. हिवतापाच्या डासांपासून बारा तास पूर्ण संरक्षण मिळाल्याचं त्यांनी नोंदवलं. नंतरच्या प्रयोगांत आकडे खालीवर झाले आणि इतर जातींच्या डासांवर परिणाम कमी दिसला, तरी खेड्यात परवडणाऱ्या उपायांत याला मी वरची जागा देईन. प्रमाण सोपं आहे: शंभर मिली खोबरेल तेलाला दोन मिली निंबोळी तेल. आधी मनगटावर लावून एक दिवस बघावं. आणि हे तेल लहान मुलाच्या पोटात एक थेंबही जाऊ देऊ नये. त्यानं बाळांना झटके आल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

गोठ्यात कडुनिंबाच्या नाहीतर निर्गुडीच्या पाल्याची धुरी करायची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. उघड्या गोठ्यात ती ठीक. बंद खोलीत मात्र मी धुराच्या विरोधात आहे, तो पाल्याचा असो की कॉइलचा. कॉइलची गोष्ट सुरू होते एका फुलापासून. दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर शेवंतीच्या जातीचं एक पांढरं फूल येतं, त्यातलं पायरेथ्रम कीटकांच्या मज्जातंतूंना लुळं करतं. जपानच्या एइइचिरो उएयामा यांनी त्या फुलांची पूड घालून उदबत्तीसारख्या काड्या केल्या. त्या लगेच संपायच्या. १८९५मध्ये त्यांच्या पत्नी युकी यांनी सुचवलं की काडी वेटोळी करा, म्हणजे लांबीही वाढेल आणि रात्रभर जळेल. आज जगभर जळणारं ते हिरवं वेटोळं या बाईंच्या कल्पनेतून आलं. पण एक कॉइल पूर्ण जळाली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. दारं लावून, उशाशी कॉइल ठेवून बाळाला झोपवणं मला बघवत नाही. मच्छरदाणी आणि पंखा हे दोन उपाय त्याहून कितीतरी सरस. डास फार दुबळा उडतो. पंख्याच्या झोतात त्याला तग धरता येत नाही, आणि आपल्या श्वासाचा वासही विरून जातो.

डास जन्मूच नयेत म्हणून नगरपालिका आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते, त्यामागे साधा हिशोब आहे. उबदार पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. फक्त पिंप उपडं करून भागत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते, आणि ती सुकी अंडी महिनोन्महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. काथ्यानं भिंत घासली तरच ती जातात.

एवढं करूनही डास चावतोच. चावताना काय होतं ते बघण्यासारखं आहे. आपल्याला जी एक सोंड दिसते तिच्या आत सहा सुया असतात. दोन दातेरी सुया कातडी कापत जातात, दोन कापलेली जागा फाकवून धरतात, एकीतून लाळ आत सोडली जाते आणि एकीतून रक्त ओढलं जातं. बाहेरचं आवरण मागे वाकून दुमडतं, ते आत शिरत नाही. लाळेत रक्त गोठू न देणारी आणि रक्तवाहिन्या रुंदावणारी द्रव्यं असतात. आपल्याला कंड सुटतो तो सुईनं नव्हे, या लाळेनं. आणि खरं तर लाळेनंही नव्हे. शरीर त्या परक्या प्रथिनांना ओळखतं, कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि गांध उठते.

‘ओळखतं’ हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञानं १९४६मध्ये याचे टप्पे मांडले. आयुष्यात पहिल्यांदा डास चावतो तेव्हा काहीच होत नाही. काही चाव्यांनंतर दुसऱ्या दिवशी पुळी येऊ लागते. पुढे लगेच गांध आणि नंतर पुळी, दोन्ही. मग नुसती लगेचची गांध. आणि चावे पडतच राहिले तर शेवटी पुन्हा काहीच नाही. तान्ह्या बाळाच्या अंगावर न उठणारी खूण आणि वर्षानुवर्षं खाडीकाठी राहिलेल्या म्हाताऱ्याच्या हातावर न उठणारी खूण, दोन्ही वरून सारख्याच दिसतात. एकाचं शरीर अजून शिकलेलं नाही, दुसऱ्याचं शिकून निवांत झालेलं आहे.

खाजवलं की बरं वाटतं, कारण वेदनेचा निरोप खाजेच्या निरोपाला मज्जारज्जूतच अडवतो. पण वेदना शमवायला मेंदू सेरोटोनिन सोडतो आणि तेच सेरोटोनिन खाजेच्या तंतूंना पुन्हा चेतवतं, हे २०१४मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणून खाजवणं थांबत नाही. त्याऐवजी साबणानं जागा धुवून फडक्यात बांधलेला बर्फ दहा मिनिटं धरावा. कोरफडीचा गर थंडावा देतो. गुलाबी कॅलामाइनही चांगलं.

आणि घरात अमृतधारा असेल तर तीही. ती करून बघण्यासारखी आहे. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल समभाग घ्यायचं. तिन्ही कोरडे, पांढरे, चमकदार खडे. पुदिन्याचं फूल वितळतं बेचाळीस अंशांच्या आसपास, ओव्याचं पन्नासला आणि कापूर तर पावणेदोनशेच्याही वर. कोरड्या काचेच्या बाटलीत तिन्ही टाकून बूच लावा आणि हलवा. खडे जिथे एकमेकांना टेकतात तिथे आधी ओलसर चमक येते, मग काचेवर ओघळ उतरतात आणि विस्तव न लावता, पाणी न घालता सगळं नितळ द्रव होऊन जातं. एका जातीचे रेणू शिस्तीत रचून बसतात म्हणून खडा घट्ट राहतो. तीन जाती मिसळल्या की कुणालाच रचना जमत नाही. त्या थेंबातला पुदिन्याचा अंश आपल्या त्वचेतलं थंडीचं दार उघडतो, म्हणून गार वाटतं. आणि कापूर ज्या दाराला बंद करतो ते टीआरपीए१, मोहरीच्या झणक्याचंच दार. चमचाभर खोबरेल तेलात दोन-तीन थेंब पुरे. दोन वर्षांखालच्या मुलांना हे लावू नये, आणि कापूर गिळला गेला तर झटके येतात, म्हणून बाटली उंचावर ठेवावी.

डासाऐवजी मधमाशी डसली तर चुना लावतात, तो लावू नये. विष मुख्यतः प्रथिनांचं असतं, चुना त्याला काही करत नाही आणि कातडी मात्र भाजतो. माशी काटा सोडून जाते आणि काट्याला चिकटलेली पिशवी विष ढकलत राहते, म्हणून नखानं, चिमट्यानं, कसाही, पण ताबडतोब तो काढावा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

डास चावल्यानंतर काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत ताप आला तर घरगुती उपायांचं काम संपलं. रक्त तपासावं. डेंग्यूची शंका असेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टर.